फोटोतली सरळ मान

सदाशिव पेठेतल्या डॉ. वत्सला खांबेटे यांच्या दवाखान्यात एकही पाटी नव्हती. त्या भागात ही गोष्ट नोंद घेण्यासारखी होती. सूचना त्या तोंडी देत आणि त्या पाटीपेक्षा तोकड्या असत. तपासणी चालू असताना एखाद्या आईला हुंदका आला, तर त्या मान वर न करता सांगत, "रडायचं काम त्याचं आहे. आपण बाहेर जाऊन रडा." आई बाहेर जाई, आणि मूल बहुधा गप्प होई.

त्या लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. मी ओळखू लागलो तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. उंच, किंचित रुंद खांद्यांच्या, फिकट रंगाच्या सुती साड्या नेसणाऱ्या. लग्न केलेले नव्हते. त्याबद्दल कोणी विचारलेच तर "राहून गेलं" असे सांगत. सहा महिन्यांच्या मुलालाही त्या "साहेब" म्हणत आणि मुलींना "बाईसाहेब". मुलांशी बोबडे बोलत नसत. पालकांपैकी कोणी बोबडे बोलू लागले, तर त्या हातातले काम थांबवून त्यांचे संपण्याची वाट पाहत.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. आमच्या रविवारच्या पुरवणीत त्यांचे मुलांच्या आरोग्यावरचे सदर येत असे. लिहिण्याचा त्यांना कंटाळा. म्हणून दोन रुग्णांच्या मधल्या वेळात त्या सांगत आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून उतरवून घेत असे. माझी भाड्याची खोली दवाखान्यामागच्याच इमारतीत होती. त्या मला नावाने कधी हाक मारत नसत. "अहो वार्ताहर" म्हणत. मी वार्ताहर नसून उपसंपादक आहे, हे मी एकदा सांगितले. "म्हणजे बाहेरही जात नाही," असे त्या म्हणाल्या.

त्यांच्याकडे येणाऱ्या पालकांना एक वाक्य हवे असे. "काही नाही हो, होईल बरं." ते वाक्य त्या देत नसत. काही नाही हे निदान नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. काही नसेल तर काय काय नाही, हे डॉक्टरला एकेक करून सांगता आले पाहिजे. यामुळे त्यांच्याकडे वेळ लागे. कंटाळून दुसरीकडे गेलेली माणसे काही महिन्यांनी परत येत. त्यांना त्या ओळख दाखवत, टोमणा मारत नसत. एवढा एक मोह त्यांनी आवरलेला होता.

वाकड्या मानेचे मूल आले की त्यांचा चेहरा बदले. खुर्ची पुढे सरके. इतर डॉक्टरांकडून "सवय आहे, सुटेल" असे ऐकून आलेली अशी मुले त्यांच्याकडे बरीच येत. त्यांनी याच विषयावर एक सदर मला सांगितले होते. कार्यालयातल्या कोणीतरी त्याला 'मान वाकडी? सावधान!' असा मथळा दिला. सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. सावधान लग्नात म्हणतात, त्या म्हणाल्या, आणि तिथेही कोणी ऐकत नाही. मग शांतपणे त्यांनी त्या सदरात असूनही मथळ्याने झाकलेले वाक्य पुन्हा सांगितले. वाकडी मान हा आजार नाही. ते मुलाने काढलेलं उत्तर असतं. प्रश्न काय होता, तो आपण शोधायचा.

प्रश्न निरनिराळे असत. दीड महिन्यांचे एक बाळ एकाच खांद्याकडे मान टाकून झोपे. घरच्यांनी राईची उशी बदलून पाहिली होती, मग उशीतली राई बदलून पाहिली होती. डॉक्टरांनी बाळाच्या मानेवरून बोट फिरवले आणि आजीचे बोट धरून त्याच जागी ठेवले. एका बाजूचा स्नायू दोरीसारखा ताठ लागत होता. जन्माच्या आधी किंवा जन्मताना तो आखडतो. मान कशी हळूहळू ताणायची, हे त्यांनी आजीलाच शिकवले, कारण आई घाबरलेली होती आणि आजी तशीही कोणाचे ऐकणार नव्हती. शिवाय पाळण्याचे तोंड फिरवायला सांगितले. खिडकी दुसऱ्या बाजूला आली की उजेड पाहायला बाळ आपणहून मान वळवील. "व्यायाम त्याला करू दे. तुम्ही पाळणा फिरवा."

पहिलीतला एक मुलगा फळ्याकडे कायम एक कान पुढे करून बसे. त्याला शाळेत त्याबद्दल मार बसत होता. डॉक्टर त्याच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की टेबलावर बर्फी आहे. एका बाजूने म्हटले तेव्हा तो वळला, दुसऱ्या बाजूने म्हटले तेव्हा वळला नाही. बर्फी खरोखरच होती. ती देऊन त्यांनी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवले.

सगळेच असे निवांत नसे. एके दुपारी ताप आलेले तीन वर्षांचे मूल आले. मान एका बाजूला धरलेली, तोंडातून लाळ गळत होती, गिळता येत नव्हते. वडील सांगत होते की मान अवघडली आहे, उशी चुकली असावी. डॉक्टरांनी मुलाला आडवे करू दिले नाही. घशात काही घालून पाहिले नाही. मूल वडिलांच्या मांडीवर बसवूनच रिक्षात घातले आणि स्वतः शेजारी बसून रुग्णालयात गेल्या. घशामागे पू झाला होता. संध्याकाळी परत आल्या तेव्हा त्यांच्या पायात चपला नव्हत्या. त्या दवाखान्यातच राहिल्या होत्या, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले.

कारण सापडत नसेल, तर त्या अल्बम मागवत. ही त्यांची खास पद्धत होती. मुलाचे जन्मापासूनचे जितके फोटो असतील तितके आणा. मान पहिल्यापासून कलती असेल, तर घाई नसते. बारकाईने शोधायला सवड असते. अगदी अलीकडे कलू लागली असेल, मूल अडखळत असेल, सकाळी उठल्यावर उलट्या होत असतील, तर डोक्याच्या आत पाहावे लागते, आणि तेही लगेच. पालक गोंधळून लग्नाचेही अल्बम आणत. डॉक्टर ते चाळत. एका बाईंना त्यांनी सांगितले, "लग्नात तुमच्या यजमानांची मान सरळ होती. आता मुलाची दाखवा."

या पद्धतीवर त्यांचा विश्वास होता. लिमयांच्या नातीच्या बाबतीत तोच विश्वास आड आला.

लिमये माझ्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत. (नाव बदलले आहे.) लिमये सर एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते. मुलगा बँकेत, सून अंजली घरी शिकवण्या घेत असे, आणि साडेतीन वर्षांची नात मृदुला. मृदुलाची मान डाव्या खांद्याकडे कललेली असे. पावसाळ्याच्या तोंडाशी एका महिन्यात ती जिन्यावरून दोनदा पडली. एका सकाळी उलटी झाली, दोन दिवसांनी पुन्हा झाली. सर आणि अंजली तिला घेऊन डॉक्टरांकडे आले. मी सदर उतरवून घ्यायला आलो होतो. उठू लागलो, तेव्हा सरांनी बसायला सांगितले. शेजाऱ्यांपासून लपवण्यासारखे काही नाही, असे ते म्हणाले.

मानेचा स्नायू मऊ होता. कान ठीक होते. डोळ्यांना मात्र मृदुलाने हात लावू दिला नाही. पेठेत तेव्हा डोळे येण्याची साथ होऊन गेली होती आणि आठवडाभर घरातल्या सर्वांनी तिला धरून डोळ्यांत औषध घातले होते. हात चेहऱ्याजवळ आला की ती किंचाळे आणि आईच्या खांद्यात तोंड लपवी. डॉक्टरांनी तीन वेळा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

अंजली एवढेच म्हणाली की तिला हे नवीन वाटत नाही. दूध पाजत होती तेव्हापासून मान अशीच असावी, असे वाटते.

"वाटतं म्हणजे?" सर म्हणाले. "अल्बम आहे ना."

अल्बम आणला गेला. पहिला वाढदिवस, दुसरा वाढदिवस, तिसरा. संक्रांतीला हलव्याचे दागिने घातलेली मृदुला. प्रत्येक फोटोत मान काटकोनात, गुण्या लावल्यासारखी सरळ. डॉक्टरांनी पाने उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. मग अल्बम मिटून बाजूला ठेवला आणि अंजलीकडे न बघता सांगितले की डोक्याचा स्कॅन करून घ्यावा लागेल.

"कशासाठी?" अंजलीने विचारले.

"आत गाठ नाही ना, हे पाहायला."

दुसऱ्या कोणी डॉक्टरने यापेक्षा मऊ शब्द शोधला असता. त्या शोधत नसत. शब्द मऊ केला की माणसं घरी जाऊन त्याचा अर्थ लावत बसतात, असे त्या म्हणत. अंजलीने मुलीला उचलले. जिन्यात ती एकदा थांबल्याचा आवाज आला.

पुढचे काही दिवस पहिल्या मजल्यावरच्या शिकवण्या बंद होत्या. पुण्यात स्कॅनचे यंत्र नुकतेच आले होते आणि त्यासाठी मुलीला झोपेचे औषध देऊन निपचित ठेवावे लागणार होते. अंजली त्या काळात कोणाशी बोलली नाही. सर सकाळी फिरायला जात, ते बंद झाले. स्कॅन झाला, अहवाल आला. डोके स्वच्छ होते. उलट्या पोटाच्या होत्या आणि तोवर थांबल्याही होत्या.

लिमयांनी सत्यनारायण घातला. डॉक्टरांना आग्रहाचे आमंत्रण गेले. त्या आल्या. सरांनी त्यांना सर्वांसमक्ष सांगितले, "डॉक्टर, तुमचा अंदाज चुकला याचा आम्हांला फार आनंद आहे." लोक हसले. डॉक्टरही हसल्या, पण त्यांची नजर मृदुलावर होती. मान अजून डावीकडेच होती.

आरती झाली. अंजलीच्या भावाने कॅमेरा आणला होता. मृदुलाला चौरंगासमोर उभे केले गेले. सर पाहुण्यांशी बोलत होते. बोलणे न थांबवता, मुलीकडे न बघता त्यांनी उजवा हात पुढे केला आणि दोन बोटे तिच्या हनुवटीखाली लावून मान सरळ केली. बोटे काढली. मान क्षणभर तशीच राहिली. फोटो निघाला. मान परत कलली.

डॉक्टरांच्या हातात शिऱ्याचा द्रोण होता. तो त्यांनी शेजारच्या बाईंकडे दिला.

"सर, हे तुम्ही केव्हापासून करता?"

सरांना प्रश्न कळला नाही. मग कळला. "फोटोला? पहिल्यापासून. आमच्याकडे फोटो काढताना मान वाकडी चालत नाही. शाळेतही मी वर्गाचा फोटो असा कधी निघू दिला नाही. फोटो म्हणजे दस्तऐवज."

"स्टुडिओतसुद्धा?"

"स्टुडिओवाला करतोच. नाही केली तर मी करतो."

डॉक्टर साडी आवरून मृदुलासमोर जमिनीवर बसल्या. चौरंगावरचे एक विड्याचे पान घेऊन त्यांनी स्वतःच्या एका डोळ्यावर धरले आणि विचारले, "बाईसाहेब, आता माझा डोळा कुठे गेला?" मृदुला हसली. डॉक्टरांनी पान तिच्या हातात दिले. तिने ते आपल्या डाव्या डोळ्यावर धरले. काही झाले नाही. "दुसरा लपवा," डॉक्टर म्हणाल्या. तिने उजव्या डोळ्यावर धरले. कोणी बोट लावलेले नव्हते. मान हळूहळू वर आली आणि सरळ झाली. पान काढले, मान कलली. मुलीला खेळ आवडला होता. तिने तो पुन:पुन्हा केला.

डॉक्टर उठल्या आणि अंजलीकडे वळल्या. "चूक माझी झाली. आई सांगत होती, मी फोटोंचं ऐकलं. आठवडाभर तुमचा जीव टांगणीला लावला, त्याची गरज नव्हती."

मग त्यांनी तिथेच, प्रसाद घेणाऱ्या माणसांमध्ये उभे राहून समजावून सांगितले. उजवा डोळा योग्य कोनात धरणारा एक स्नायू जन्मापासून दुबळा होता. दोन डोळ्यांची दोन चित्रे एकमेकांवर बसत नव्हती. मान कलली की बसत. म्हणून मृदुला ती कलवत होती. जिना उतरताना खाली पाहिले की चित्रे जास्तच सुटत, म्हणून ती पडली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांना शस्त्रक्रिया करून ते दुरुस्त करता येईल, आणि फार लांबवू नये, कारण वाढत्या वयात मान अशीच राहिली तर चेहराही एका बाजूला कलता वाढतो.

घरात यावर एकमत झाले नाही. अंजलीचा होकार होता. तिचे यजमान वडिलांच्या तोंडाकडे पाहत होते. आणि सरांचे म्हणणे उघड होते. याच बाईंनी आधी गाठ सांगितली होती. ती निघाली नाही. आता डोळा सांगतात. देवाची पूजा झाली आहे, मूल खेळते-खाते आहे, त्याच्या डोळ्याला सुरी कशाला लावायची? मान कलती असली तर असली. दुसऱ्या कोणालाही दाखवा, माझ्यावर विश्वास ठेवू नका, असा निरोप डॉक्टरांनी पाठवला. सरांनी दुसऱ्या कोणाला दाखवले नाही. पावसाळा तसाच गेला.

सत्यनारायणाच्या आठवड्याचे सदर डॉक्टरांनी याच चुकीवर सांगितले. संपादकांना ते छापणे बरे वाटेना. डॉक्टरच चुकतात म्हटले तर वाचकांनी काय करायचे? मी ते त्यांना सांगितले. "चूक छापायला तुमच्याकडे शाई कमी पडते का?" त्यांनी विचारले. ते छापले गेले. मुलाचे आणि घराचे तपशील त्यांनी मला पूर्ण बदलायला लावले होते. दवाखान्यातही एक बदल झाला. यापुढे अल्बम आला की फोटो पाहण्याआधी त्या विचारत, हा काढताना मुलाला कोणी धरलं होतं?

लिमयांबद्दल त्या एकदाच बोलल्या. सदर संपले होते आणि बाहेर कोणी नव्हते. "मी घाबरवलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी ऐकलं. आता घाबरवत नाहीये, तर ऐकत नाहीत." पुन्हा घाबरवून पाहणे शक्य होते. चेहरा, लग्न, लोक काय म्हणतील. शब्द पेठेत तयार होते. ते त्यांनी वापरले नाहीत.

दसऱ्यानंतरच्या एका संध्याकाळी सर एकटेच दवाखान्यात आले. मुले घेऊन बसलेल्या आयांच्या रांगेत काठी टेकून बसले. नंबर आला तेव्हा आत येऊन उभेच राहिले. मी कोपऱ्यात होतो. या वेळी त्यांचे माझ्याकडे लक्ष गेले नसावे.

"एक विचारायचं होतं. मी तिची मान दाबून सरळ करत आलो. त्यानं काही झालं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यानं काही बिघडत नाही."

सरांनी पुढे विचारले, "मग सरळ केली की तिला काय व्हायचं?"

डॉक्टरांनी त्यांना बसायला सांगितले. ते बसले नाहीत.

"बहुधा एकाचे दोन दिसायचे."

"म्हणजे फोटोत..."

"समोर कॅमेरावाला एक उभा असायचा. तिला दोन दिसत असावेत. कुणाकडे बघून हसायचं, ते तिचं ती ठरवत असेल."

मुख्याध्यापक म्हणून सरांनी आयुष्यभर मुलांना पाठीचा कणा ताठ, मान सरळ असे उभे केले होते. ते म्हणाले, "ती कधी बोलली नाही हो." डॉक्टर म्हणाल्या की तिला वाटत असेल, सगळ्यांना तसंच दिसतं. त्यांचा आवाज या वेळी नेहमीचा नव्हता. मग सरांनी डोळ्यांच्या डॉक्टरांचे नाव विचारले. ते त्यांनी कागदावर लिहून दिले. जाताना सर नमस्कार करायचे विसरले आणि दारातून परत येऊन करून गेले.

शस्त्रक्रिया नीट झाली. पण मान लगेच सरळ झाली नाही. शल्यविशारदांनी सांगितलेच होते की डोळा लवकर शिकतो, मानेला वेळ लागतो. घरात सगळे मुलीकडे बघत. बघितले की ती मान सरळ करी, कारण या घरात तेच अपेक्षित आहे, हे तिला चांगले ठाऊक होते. त्यामुळे ती आपोआप सरळ राहते की दाखवण्यासाठी, हे कोणालाच कळेना. शेवटी सरांनी हुकूम काढला की मान हा शब्द घरात कोणी उच्चारायचा नाही. पाहुण्यांनाही दारात तसे सांगितले जाई. अंजली दर आठवड्याला दवाखान्यात येऊन जाई आणि नक्की सांगता येत नाही, असे सांगे. डॉक्टर तिला दरवेळी विचारत, तुम्हांला काय वाटतं? आणि तिचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलत नसत.

मार्गशीर्षात माझी नागपूरला बदली झाली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी सामान बांधायला दोरी आणून परत येत होतो. आमच्या इमारतीसमोर, पिठाच्या गिरणीला लागून डॉक्टर उभ्या होत्या. हातात पिशवी. दवाखान्याची वेळ होती, आणि वेळेला त्या बाहेर कधी दिसत नसत.

वर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत अंजली मटार सोलत बसली होती. मृदुला शेजारी उकिडवी बसून सोललेले दाणे खात होती. शेंग उचलून ती आत दाणे आहेत का ते उजेडात बघे, आणि आवडली तर आईला देई. खाली कोण आहे, याकडे दोघींचे लक्ष नव्हते.

मी डॉक्टरांना वर येता का, असे विचारले. मी उद्या जातो आहे, हेही सांगितले. दुसऱ्या गोष्टीला त्यांनी मान डोलावली.

"वर कशाला? सर तिला म्हणतील, डॉक्टरांना नमस्कार कर, नीट उभी राहा. झालं. मग काही कळायचं नाही."

मृदुलाने एक शेंग तोंडाने फोडली. आईने काहीतरी दटावले. ती आईकडे वळली, मग रस्त्यावरून जाणाऱ्या म्हशीकडे वळली, मग पुन्हा शेंगांच्या टोपलीकडे. डोके दोन्ही खांद्यांच्या मधोमध होते, आणि तिथेच राहिले. डॉक्टर पाहत होत्या. मागून एका स्कूटरवाल्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला, आणि रस्ता तुमच्या नावावर आहे का, असे विचारले. नजर वरून न काढता त्या एक पाऊल बाजूला झाल्या.